वीतभर मातीतली बाग

दिवाळीच्या किल्ल्यावर आपण अळीव पेरतो. बंगळूरला नवरात्रात ‘गोंबे हब्ब’, म्हणजे बाहुल्यांचा उत्सव, मांडताना कित्येक घरांत पायऱ्यांपुढे अशीच चिमुकली बाग उगवते. कधी ती उद्यान होते, कधी खेडे. तिची रीत सोपी आहे. तळाला भोक असलेली पसरट कुंडी घ्यावी. भोकावर खापरी ठेवून माती भरावी. रात्रभर भिजवलेली नाचणी चार-पाच दिवस आधी दाट पेरावी. पाणी शिंपडावे, ओतू नये. बी वाहून जाते. मग आरशाचे तळे, वाळूची वाट. ही हिरवळ थोड्या दिवसांचीच. टिकाऊ बागेसाठी समान तहानेची रोपे निवडावीत; निवडुंग आणि नेचा एका कुंडीत नांदत नाहीत. अंगण नसलेल्या घरातील मुलाला बी रुजताना पाहायला एवढी माती पुरते.