तारामतीच्या मिशा आणि पावणेपाच लाख भोकं



शिमगा आला की आमच्या रत्नागिरीकडे पालख्या नाचतात, खेळे येतात. संकासूर पोरांच्या मागे धावतो आणि त्याच्याबरोबर साडी नेसलेली, नथ घातलेली गोमू ठुमकत येते. गोमू म्हणजे वाडीतलाच कोणीतरी दादा नाहीतर काका, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी दरवर्षी हसू यायचं ते येतंच.

गेल्या शिमग्याची सुट्टी संपून शाळा भरली आणि तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, गोमू खरी बाई का नाय होत?"

मी म्हटलं, "अगं, गोमूचं काय घेऊन बसलीस? आपल्या देशातल्या पहिल्या मोठ्या सिनेमातली राणीसुद्धा पुरुषच होती!"

झालं! वर्ग जो उसळला तो काही केल्या खाली बसेना. गणिताचा तास होता, पण गणित राहिलं बाजूला. (राहिलं असं मला तेव्हा वाटलं. पुढे बघा काय झालं ते.)

तो सिनेमा म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'. काढला धुंडिराज गोविंद फाळके यांनी, म्हणजेच आपल्या दादासाहेब फाळक्यांनी. त्यांचा जन्म १८७० सालचा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई असं सगळं त्यांनी करून पाहिलं होतं. जादूचे प्रयोगसुद्धा! जादूगार म्हणून त्यांनी नाव घेतलं होतं 'प्रोफेसर केल्फा'. 'फाळके' हे नाव उलटीकडून वाचलं की काय होतं ते तुमच्या ताईला विचारा.

१९११ च्या सुमाराला मुंबईत गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्तावरचा सिनेमा पाहिला. येशू पडद्यावर चालतोय, मग आपले राम-कृष्ण का नाही चालणार, या विचाराने त्यांची झोप उडाली. दिवसदिवस सिनेमे बघून आणि रात्री जागून त्यांची दृष्टी काही काळ गेली होती! औषधोपचाराने ती परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले आणि कॅमेऱ्याची खरेदी करून एप्रिलच्या सुरुवातीला परतले.

आता कॅमेरा आला, पण सिनेमा काढायला पैसे कोण देणार? फाळक्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर त्याची थोडी थोडी चित्रं घेतली. ती पडद्यावर सलग दाखवली तेव्हा दाण्यातून अंकुर निघाला, वाढला आणि मिनिटभरात त्याचा वेल झाला! हा 'अंकुराची वाढ' पाहून लोक चकित झाले आणि कर्ज मिळालं.

काही पुस्तकांत लिहिलेलं असतं की फाळके रोज एकच चित्र घेत. मीही वर्गात तसंच सांगितलं. त्या काळी एका सेकंदाला साधारण १६ चित्रं सरकत, हेही सांगितलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मग महिन्याची ३० चित्रं दोन सेकंदात संपली की!" खरंच की! मिनिटभर वेल वाढत राहायचा तर १६ गुणिले ६०, म्हणजे ९६० चित्रं हवीत. रोजची बत्तीस. पुस्तकात छापलंय म्हणून मी कधी गुणाकार करून पाहिलाच नव्हता.

बरं, राणीकडे वळू या. तारामतीच्या कामासाठी बाई मिळावी म्हणून फाळक्यांनी जाहिरात दिली, पुष्कळ हिंडले. कोणी तयार होईना. नाटकांतसुद्धा स्त्रियांची कामं तेव्हा पुरुषच करत, मग सिनेमासारख्या नव्या, अनोळखी धंद्यात घरातल्या बाईला कोण पाठवणार? शेवटी एका खाणावळीत त्यांना अण्णा साळुंके नावाचा आचारी दिसला. नाजूक बांधा, लांबसडक बोटं. खाणावळीत महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असं सांगतात. स्वयंपाकघरातून तो उठला तो थेट अयोध्येच्या राजवाड्यात गेला! तारामतीच्या सख्याही सगळ्या पुरुषच.

पण मिशांचं काय? वडील हयात असताना मिशी उतरवायची नाही, अशी तेव्हा रीत. सख्या अडून बसल्या! समजुती घालून घालून एकेकाची मिशी उतरवावी लागली. याच साळुंक्यांनी पुढे १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये रामाचंही काम केलं आणि सीतेचंही. एकाच सिनेमात!

रोहिदासाचं काम करायलाही कोणी आपला मुलगा देईना. गोष्टीत रोहिदास मरतो ना, म्हणून. मग फाळक्यांनी आपल्याच मुलाला, भालचंद्राला उभं केलं. मंडळींना त्यांनी बजावून ठेवलं होतं, 'कोणी विचारलं तर सिनेमात आहे म्हणून सांगू नका, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे असं सांगा.' २००९ साली परेश मोकाशी यांनी या सगळ्या खटाटोपावर मराठी सिनेमा काढला, त्याचं नाव म्हणूनच 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. एकदा तर वांगणी गावाजवळ ही मंडळी ढाली-तलवारी घेऊन निघाली असताना गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोरच आले! सगळ्यांना धरून ठेवलं. फाळक्यांनी कॅमेरा उघडून दाखवला, तेव्हा कुठे सुटका झाली, अशी गोष्ट सांगतात.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते सांगते.

या फॅक्टरीत एक माणूस असं होतं की जे पडद्यावर कुठेच दिसलं नाही. फाळक्यांची पत्नी सरस्वतीबाई. खुद्द त्यांनाच फाळक्यांनी तारामती व्हायला सांगितलं होतं म्हणे. पण त्यांना वेळ कुठे होता? दादरच्या घरातच सिनेमा बनत होता. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करत. चित्रण चाललं असताना पांढरी चादर धरून उन्हात तासन् तास उभ्या राहत. चादरीवरून परतलेला उजेड नटांच्या तोंडावर पडावा, म्हणून. फिल्म धुवायची रसायनं कालवत. पैसे कमी पडले तेव्हा अंगावरचे दागिने काढून दिले.

आणि रात्री सगळं सामसूम झालं की भोकं पाडायला बसत.

कसली भोकं? जुन्या फिल्मची पट्टी कोणी पाहिली असेल तर आठवा. तिच्या दोन्ही कडांना ओळीने चौकोनी भोकं असतात. कॅमेऱ्यातल्या चाकाचे दाते त्यांत अडकतात आणि पट्टी पुढे सरकते. फाळक्यांकडे कच्ची फिल्म यायची ती बिनभोकांची. एका यंत्रात घालून तिला भोकं पाडावी लागत, तीही काळोखात. कारण उजेडाची तिरीप लागली की फिल्म वाया! दिवा नाही, कंदील नाही, नुसत्या बोटांच्या अंदाजाने काम. भोक जरा तिरकं पडलं तर पडद्यावरचा राजा थरथरणार. आणि ती फिल्मसुद्धा साधीसुधी नव्हे, ठिणगी पडली तर भसकन पेट घेणारी.

मुलांनी विचारलं, "बाई, किती भोकं?"

आता आली का पंचाईत! पण गणिताचाच तास होता. फळ्यावर मांडलं. एका चित्राला एका कडेला ४ भोकं, दोन कडा मिळून ८. एक फूट फिल्ममध्ये १६ चित्रं. म्हणजे एका फुटाला १२८ भोकं. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट. करा गुणाकार!

आमच्या वर्गात सहा वेगवेगळी उत्तरं आली. बरोबर उत्तर आहे ४,७३,६००. पावणेपाच लाखांना थोडी कमी! यंत्राचा दांडा फिरवला की भोकं पडतात हे खरं, पण पट्टी यंत्रात नीट बसवायची आणि सरकवायची ती हातानेच. शिवाय बिघडलेली, टाकून दिलेली फिल्म या हिशेबात धरलेलीच नाही.

एक मुलगी पुष्कळ वेळ फळ्याकडे बघत होती. म्हणाली, "माझी आईपण रात्री आमी झोपल्यावर काजू सोलत बसते." मी काही बोलले नाही. तिने वहीत तो आकडा दोनदा लिहून घेतला.

सहा महिने सत्तावीस दिवसांत सिनेमा पुरा झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात तो लोकांसाठी लागला. नुसत्या सिनेमाला लोक येतील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून त्याच तिकिटात नाच, नकला आणि कसरतीही होत्या. पुढे सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला जमला अवघा तीन रुपये, असं सांगतात. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली: सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांब चित्र, आणि तिकीट फक्त तीन आणे! लोकांची झुंबड उडाली. आमच्या पोरांनी हीसुद्धा जाहिरात तपासायची ठरवली. ३,७०० फुटांत १६ च्या हिशेबाने ५९,२०० चित्रं होतात, म्हणजे सत्तावन्न हजार ही काही थाप नव्हती. पण दोन मैल? एक मैल म्हणजे ५,२८० फूट. सिनेमा पाऊण मैलसुद्धा भरत नाही! "बाई, फाळके फसवत होते?" "अरे, जादूगार होते ना ते!" मी वेळ मारून नेली.

त्याच वर्षी फाळक्यांच्या पुढच्या सिनेमात, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी कामं केली. म्हणजे स्त्रिया पडद्यावर आल्या. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये तर बाळकृष्ण झाली फाळक्यांचीच छोटी मुलगी मंदाकिनी. सिनेमाच्या सुरुवातीला ती नुसत्या चेहऱ्याने हसून, रुसून, रागावून दाखवते. हा सिनेमा बराचसा शिल्लक आहे, मोठ्या माणसांना सांगून जरूर बघा. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी मात्र पहिलं आणि शेवटचं एवढीच रिळं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोचली. तीही १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा काढलेल्या सिनेमाची, असं काही अभ्यासक म्हणतात.

हे सगळे सिनेमे मुके होते. बोलपट आले १९३१ साली, 'आलम आरा'पासून. स्टुडिओजवळून आगगाडी जायची, तिची धडधड नको म्हणून त्याचं चित्रण रात्री करत. गाणं नटाने कॅमेऱ्यासमोर स्वतः म्हणायचं आणि पेटी-तबलावाल्यांनी कॅमेऱ्याला दिसणार नाही असं कुठेतरी आडोशाला बसून वाजवायचं! गाणाऱ्याने आधी गायचं आणि नटाने नंतर ओठ हलवायचे, ही सोय १९३५ साली आली. तोपर्यंत म्हणजे वादकांचा चांगलाच लपंडाव. पहिला मराठी बोलपटही पुन्हा हरिश्चंद्राचाच, प्रभातचा 'अयोध्येचा राजा', १९३२ सालचा. त्यात तारामती झाल्या दुर्गा खोटे. मिशी उतरवण्याचा प्रश्नच नव्हता!

आणि कार्टूनचं म्हणाल, तर तीही वाट फाळक्यांनी चाचपून पाहिली होती. १९१५ च्या सुमाराला त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाची छोटी फिल्म केली. काडी जराशी हलवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची, पुन्हा चित्र. पडद्यावर काड्या आपोआप नाचतात. ती फिल्म आज उरलेली नाही.

मग आम्हीच करायचं ठरवलं. जळून गेलेल्या काड्या आणल्या (नव्या काड्या शाळेत आणायच्या नाहीत, हे आधीच बजावलं होतं), काळा कागद अंथरला, माझा मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर घट्ट बसवला. एक काड्या हलवणारा, एक बटण दाबणारी, एक चित्रं मोजणारा. वर्गात उजेड कमी पडत होता, म्हणून काजूवाली मुलगी पांढरा कार्डबोर्ड घेऊन खिडकीपाशी उभी राहिली. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी हलली नाही. दोन दिवसांत ९६ चित्रं झाली. म्हणजे किती सेकंद, ते तुम्ही काढा.

काड्यांचा माणूस उठला, चालला, धपकन पडला आणि फिल्म संपली. पोरं म्हणाली, "बाई, नावं?" सगळ्यांनी आपापली नावं कागदावर लिहिली. 'काड्या हलवल्या', 'बटण दाबलं', 'चित्रं मोजली', 'काड्या गोळा केल्या', 'गप्प बसलो'. सर्वांत वर, ठळक अक्षरांत, 'उजेड धरला'. तेवीस जणांच्या नावांचे फोटो जोडले, तेव्हा ती नावं सिनेमापेक्षा चौपट लांब झाली.