विमान तासाचे, प्रवास दिवसाचा

समजा करमाळा तालुक्यातल्या केमचा एक मुलगा पणजीला हॉटेलात कामाला आहे. गावाकडून फोन येतो, “आईला दवाखान्यात ठेवलंय, लगेच नीघ.” सोबतचे म्हणतात, “आता सोलापूरला विमान जातं. तासाभरात पोचशील.” पोरगा साठवलेले पैसे मोडून तिकीट काढतो. तो तासाभरात आईजवळ पोचेल का?

आधी अंतर पाहू. नकाशावर गोव्यातल्या मोपा विमानतळापासून सोलापूरपर्यंत दोरा ताणला, तर सरळ अंतर सुमारे 300 किलोमीटर भरते. या मार्गावर 9 जून 2025 रोजी सेवा सुरू झाली ती पंख्याच्या, सत्तरेक माणसे बसणाऱ्या एटीआर विमानाने. त्याचा वेग ताशी सुमारे 500 किलोमीटर. म्हणजे नुसते अंतर कापायला 36 मिनिटे. पण विमान धावपट्टीवर येणार, वर चढणार, वेग कमी करून उतरणार. म्हणून तास धरायचा.

आता जमिनीवरचा हिशेब मांडू. पणजीहून मोपा, एक तास. विमानतळावर दोन तास आधी हजर राहायचे. उड्डाण एक तास. सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, तिथून सोलापूर स्टेशनला अर्धा तास. पुढे केम रेल्वेने सुमारे शंभर किलोमीटर, दोन तास धरा. स्टेशनवरून घर अर्धा तास. बेरीज साडेसात तास! त्यातला आकाशातला तास एकच. शिवाय केमला सगळ्याच गाड्या थांबत नाहीत. गाडी चुकली तर कुर्डुवाडीला उतरून पुढची सोय पाहावी लागते.

मग विमान वाया गेले का? नाही. लोंढा, मिरज असे गाड्या बदलत रेल्वेने यायचे तर सबंध रात्र जाते. आजारपणात वाचलेले तासही मोलाचे असतात. पण कुटुंबासह सुट्टीला यायचे असेल, तर तेच पैसे पोरांच्या वह्या-पुस्तकांना लागतील.

हा तासही सोलापूरकरांना सहज मिळाला नाही. विमानाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 रोजी पाडली. त्यानंतरही गोव्याचे विमान उडायला जवळजवळ दोन वर्षे गेली.

म्हणून तिकीट काढण्याआधी चार गोष्टी विचारा. त्या दिवशी विमान आहे का? उतरल्यावर पुढची गाडी किती वाजता आहे? सरकारी ओळखपत्र जवळ आहे का? सामानाचे वजन किती चालते? आणि घड्याळ विमानतळापासून लावू नका, घराच्या उंबऱ्यापासून लावा. आई वाट पाहते ती उंबऱ्यात, धावपट्टीवर नव्हे.