सिलिकॉनच्या तारेवर कार्बनचा लेप

लिथियम-आयन बॅटरीच्या ॲनोडमध्ये एक ग्रॅम ग्रॅफाइट जास्तीत जास्त 372 मिलीअँपिअर-तास विद्युतभार साठवते. सिलिकॉनची क्षमता त्याच्या सुमारे दहापट. पण लिथियम सामावून घेताना सिलिकॉन फुगून जवळजवळ चौपट होते, लिथियम निघाले की आक्रसते, आणि या ओढाताणीत त्याचा भुगा होतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील यी त्सुई यांच्या गटाने 2008 मध्ये सिलिकॉनच्या नॅनोतारा थेट स्टीलच्या पत्र्यावर वाढवल्या. इतक्या बारीक तारांना फुगायला आजूबाजूला मोकळी जागा मिळते, म्हणून त्या तुटत नाहीत. तारा उगवण्याची ही रीत बेल प्रयोगशाळेतील वॅग्नर आणि एलिस यांनी 1964 मध्ये मांडली होती. सोन्याचा सूक्ष्म थेंब वायूतले सिलिकॉन शोषून घेतो. ते मावेनासे झाले की थेंबाखाली तार वाढू लागते.

तार शाबूत राहिली, तरी तिचा पृष्ठभाग उघडा असतो. इलेक्ट्रोलाइटमुळे त्यावर पापुद्रा धरतो, तार फुगली की फाटतो, पुन्हा धरतो. दर खेपेला थोडे लिथियम त्यात कायमचे अडकते.

म्हणून कार्बनचा लेप. तारांचा तुकडा क्वार्ट्झच्या नळीभट्टीत ठेवतात, आर्गॉन सोडून हवा हुसकावतात, तापमान सातशे-आठशे अंशांवर नेतात आणि ॲसिटिलीन सोडतात. रेणू फुटतात, हायड्रोजन निघून जातो, कार्बन तारेवर बसतो. चुलीवरच्या पातेल्याला काजळी धरते, त्याच जातीची ही क्रिया. मात्र इथे थर काही नॅनोमीटरचाच आणि सगळीकडे सारखा हवा. वायू जास्त झाला तर काजळीचे कण तारांमध्ये अडकतात. तापमान फार चढले तर सिलिकॉन कार्बाइड तयार होते आणि लिथियम साठवणारे सिलिकॉन वाया जाते.

लेप बसला की नाही, हे रामन वर्णपटात दिसते. 520 या आकड्यापाशी सिलिकॉनचे टोकदार शिखर, 1350 आणि 1580 पाशी कार्बनचे दोन रुंद उंचवटे. पहिला उंचवटा जितका मोठा, तितकी कार्बनच्या रचनेत विस्कळीतपणा अधिक.

असा लेप वीजही वाहून नेतो, पण घट्ट बसलेले कवच आतले सिलिकॉन फुगताच तडकू शकते. त्सुई यांच्या गटाने 2012 मध्ये सिलिकॉनच्या नॅनोकणांवर यावर उपाय योजला. कणावर आधी सिलिकाचा थर, त्यावर कार्बनचे कवच, आणि मग हायड्रोफ्लोरिक आम्लाने मधला सिलिका विरघळवून टाकायचा. उरलेल्या पोकळीत कण फुगतो, कवच अभंग राहते. हजार वेळा चार्ज-डिस्चार्ज केल्यावरही या ॲनोडची 74 टक्के क्षमता टिकली.