छर्‍याच्या अर्धस्वयंचलित बंदुकीची काडतुसे

छर्‍याच्या अर्धस्वयंचलित बंदुकीत बाराचा धक्का किंवा वायुदाब वापरून रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते व पुढील काडतूस भरले जाते. जॉन ब्राउनिंग यांना १९०० साली एकस्व मिळालेली बंदूक धक्क्यावर चालत असे. भार हलका असल्यास ही क्रिया अपुरी राहून बंदूक अडकते. म्हणून नव्या, ताठर यंत्रणेत प्रथम सु. ३२ ग्रॅ. छर्‍यांची काडतुसे वापरणे हिताचे असते. नळीवर कोरलेल्या लांबीहून (उदा., ७० मिमी.) लांब काडतूस दुमडलेल्या तोंडामुळे आत मावते, परंतु उडताना तोंड पुरते न उघडल्याने दाब धोकादायक वाढतो. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते व त्यामागे दुसरे उडविल्यास नळी फुटते. यास्तव २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात.