सिद्धांताचा नियम होत नाही

बीएस्सीच्या मुलांशी उत्क्रांतीबद्दल बोलायला लागलं की हे वाक्य हमखास येतं : ‘पण तो अजून सिद्धांतच आहे ना? सिद्ध झाला की नियम होईल.’ आधी गृहीतक, मग सिद्धांत, शेवटी नियम, अशी शिडी डोक्यात पक्की बसलेली असते. अशी शिडीच नाही. हे वर्षानुवर्षं ऐकून चीड येते, कारण ही शिडी खोडून काढणारी उदाहरणं याच मुलांच्या अभ्यासक्रमात आहेत.

मेंडेलच घ्या. त्याच्या वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे निघाले, म्हणजे जवळपास ३ : १. काय घडतं, ते नियम सांगतो. ते तसं का घडतं, याचं उत्तर १९०२-०३ च्या सुमारास सटन आणि बोव्हेरी यांच्या गुणसूत्र सिद्धांतानं दिलं : अर्धसूत्री विभाजनात जोडीतली गुणसूत्रं वेगळी होतात, म्हणून. इथे नियम आधी आला, सिद्धांत मागाहून. दोघांची कामंच वेगळी. बरं, नियम अढळ असतो म्हणावं, तर मेंडेलचाच इंडिपेंडंट असॉर्टमेंटचा नियम एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असलेल्या जनुकांना लागूच पडत नाही. उलट पेशी सिद्धांत १८३९ पासून सिद्धांतच आहे. त्याला अर्धवट सिद्ध कोणी म्हणत नाही.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. विज्ञानशिक्षणाचे अभ्यासक लेडरमन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या, विज्ञानाच्या स्वरूपाविषयीच्या प्रश्नावलीत सिद्धांत आणि नियम यांतल्या फरकावर स्वतंत्र प्रश्नच आहे.

असेच आणखी तीन गैरसमज ऐकू येतात. पहिला : ‘प्रयोगाशिवाय विज्ञान नाही.’ मासे आणि चतुष्पाद यांच्यामधला दुवा असलेल्या टिकटालिकचा जीवाश्म प्रयोगशाळेत सापडला नाही. सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचे खडक मुद्दाम निवडून जीवाश्मशास्त्रज्ञ शुबिन आणि सहकाऱ्यांनी तो २००४ मध्ये कॅनडाच्या एल्समेअर बेटावर शोधला.

दुसरा : ‘विज्ञान मत बदलतं, मग विश्वास कसा ठेवायचा?’ नव्या पेशी आकारहीन द्रव्यातून होतात, हे पेशी सिद्धांत मांडणाऱ्या श्वानचं म्हणणं चुकलं. तेवढं दुरुस्त झालं आणि पेशी सिद्धांत अधिक भक्कम झाला.

तिसरा : ‘उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही, म्हणजे प्रयोग चुकला.’ मेंडेलचं ३ : १ तपासायला वर्गात दोन डब्यांतून जनुकांच्या जागी एकेक मणी काढून शंभर जोड्या लावल्या, ७१ प्रभावी आणि २९ अप्रभावी आल्या, की मुलं खोडरबर उचलतात आणि जर्नलमध्ये ७५-२५ लिहितात. काय-स्क्वेअर काढून बघा : ०.८५ येतो. पाच टक्के पातळीला ३ : १ फेटाळायचं, तर तो ३.८४ च्या वर जायला हवा. ७१-२९ च लिहा.