सड्यावरचे दोन दवबिंदू

आज वैशाखात रत्नागिरीच्या सड्यावर उभे राहिले, तर काळा, तापलेला कातळ आणि वाळक्या गवताच्या काड्या याखेरीज काही दिसणार नाही. पण ज्या दोन वनस्पतींविषयी आम्हांस बोलावयाचे आहे, त्या या घटकेलाही कोकणच्या सड्यांवरच आहेत. कातळाच्या खळग्यांतील चिमूटभर मातीत, बीजरूपाने.

दोघींनाही दवबिंदू म्हणतात. पावसाळ्यात उगवून फुलतात आणि पाणी आटले की वाळून जातात. पानांवर तांबूस केस, प्रत्येक केसाच्या टोकाला थेंब. ते दव नव्हे. ऊन चढले तरी थेंब तसाच, आणि चिकट. चिलट बसले की अडकले. येथे वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो मातीतले नत्र धुऊन नेतो. ती उणीव ही रोपे कीटक पचवून भरून काढतात. डार्विनने 1875 साली कीटकभक्षक वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तो मुख्यतः यांच्याच विलायती भावंडावर.

लिनीअसने 1753 साली नाव दिलेली ड्रॉसेरा इंडिका ही उभी, वीतभर. पाने दोऱ्यासारखी लांब, फुले बहुधा गुलाबी. ड्रॉसेरा बर्मानी जमिनीला बिलगून बसते. चमच्यासारख्या पानांचे तिचे चक्र रुपयाच्या नाण्याएवढे. मधून बारीक दांडा, त्यावर पांढरी फुले. शंका राहिलीच तर भिंगाने फुलातील किंजल मोजावे: बर्मानीत पाच, इंडिकेत तीन आणि तिन्ही दुभंगलेले.

खरी मौज शिकारीत आहे. इंडिकेचे केस सावकाश वळतात, पानही हळूहळू भक्ष्याभोवती गुंडाळते. बर्मानीच्या पानाच्या कडेचे लांब केस मात्र काही सेकंदांत आत वळतात. कडेवर चढलेली मुंगी मागे फिरण्यापूर्वीच मध्यभागी लोटली जाते. एवढीशी वनस्पती, पण चपळाई पाहावी!

सरकारी कागदांत असा सडा पुष्कळदा पोटखराबा म्हणून लागलेला असतो. चिऱ्याची खाण काढावयाची, किंवा सुरुंग लावून कलमांसाठी खड्डे घ्यावयाचे, तर जागा पाहिली जाते ती बहुधा उन्हाळ्यात. तेव्हा तेथे काहीच नाही असे पाहणारा सांगतो. त्याला खोटे कसे म्हणावे? मात्र मातीचा तो पातळ थर एकदा खरवडला गेला की बीही त्याबरोबर जाते.

ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी भाद्रपदात, पाऊस उघडलेल्या सकाळी जावे, आणि गुडघे टेकण्याची तयारी ठेवावी. बर्मानी उभ्याने दिसत नाही.