कृष्णाकाठचा उन्हाळा (भाग ६) : तिथीची जत्रा, सुट्टीची सहल

कराड तालुक्यातल्या मलकापुरात आणि आसपासच्या गावांत उन्हाळा दोन वेळापत्रकांवर चालतो. जत्रा तिथीवर ठरते, सहल शाळेच्या सुट्टीवर, आणि या दोघींचे सहसा जुळत नाही. चैत्र पौर्णिमा २०२५ मध्ये १२ एप्रिलला येते, २०२६ मध्ये २ एप्रिलला, आणि २०२६ च्या अधिक ज्येष्ठामुळे २०२७ मध्ये थेट २० एप्रिलला. शाळेच्या वार्षिक परीक्षा मात्र एप्रिलमध्येच असतात. त्यामुळे चैत्रातल्या जत्रेला पोरे दप्तर घेऊन येतात, नाहीतर आईबाप एका रात्रीपुरते गावी जाऊन सकाळच्या एसटीने परततात. ज्या गावांची जत्रा वैशाखात पडते, ती या बाबतीत नशीबवान.

जत्रा उन्हाळ्यातच का, याचे उत्तर देवापेक्षा रानात जास्त सापडते. फाल्गुनापर्यंत ज्वारी, गहू, हरभरा घरात आलेला असतो. साखर कारखान्यांचा पट्टा मार्च-एप्रिलच्या सुमारास पडतो, म्हणजे गाळप थांबते, आणि उसाच्या बिलाचे पैसे हातात येतात किंवा यायच्या वाटेवर असतात. मृगापर्यंत रानात फारसे काम नसते. दुसरे कारण मुंबई. पाटण, जावळी आणि कराड तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईच्या गोद्यांत, गिरण्यांत आणि बाजारांत कामाला गेली. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातले, आणि १९६९ चा माथाडी कायदा ज्यांच्या अंगमेहनतीला लागू झाला त्यांतले कितीतरी याच डोंगरकपारीतले. नवी मुंबईत घर झाले तरी गावच्या जत्रेची वर्गणी चुकत नाही. अनेक गावांत ‘मुंबई मंडळ’ ही वेगळी संस्थाच असते, आणि तमाशा कोणाचा आणायचा यात तिचे मत गावातल्या मंडळींपेक्षा बऱ्याचदा वजनदार ठरते. पैसा तिकडून येतो म्हटल्यावर दुसरे काय होणार!

तयारी पाडव्याच्या आसपास सुरू होते. देवळात बैठक बसते, मागचा हिशेब वाचला जातो, घरटी वर्गणी ठरते आणि यात्रा कमिटीची दोन-चार माणसे तमाशाची सुपारी द्यायला निघतात. या व्यवहाराचे मोठे ठिकाण म्हणजे पुणे जिल्ह्यातले नारायणगाव. तिथे हंगामात फडांच्या राहुट्या लागतात. व्यवस्थापक वही उघडून बसलेला असतो आणि चैत्र-वैशाखातल्या एकेका तिथीसाठी घासाघीस चालते. एकाच तिथीला अनेक गावांची जत्रा असल्यामुळे पौर्णिमा, अष्टमी अशा दिवसांचा भाव चढा राहतो. तमाशाचे या भागाशी नाते जुने आहे. पठ्ठे बापूराव हे वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, काळू-बाळू हे सांगलीजवळच्या कवलापूरचे. आता काही गावांत तमाशाच्या जागी ऑर्केस्ट्रा येतो. तो स्वस्त पडतो आणि बायामाणसांना बसता येते, असे कारण दिले जाते. पहिला भाग खरा असावा.

जत्रेचा क्रम गावोगाव थोडाफार बदलतो, सांगाडा तोच राहतो. पहिल्या दिवशी पहाटे अभिषेक, दुपारी पुरणपोळीचा गोडा निवद आणि रात्री छबिना. पालखी देवळातून निघाली की प्रत्येक दारासमोर थांबते, घरची बाई पायांवर पाणी घालून ओवाळते, गुलाल-खोबरे उधळले जाते आणि गाव लहान असले तरी पालखी परत देवळात यायला पहाट होते. दुसरा दिवस तिखटाचा. घरोघरी बकऱ्याचे मटण शिजते आणि पाहुण्यांची गणती उरत नाही. लेकी-जावई, मामा-मावशी, मुलाच्या कंपनीतले मित्र, शिवाय वाटेने जाणारा ओळखीचा ट्रॅक्टरवालाही जेवल्याशिवाय सुटत नाही. सकाळी फडाच्या हजेरीचा कार्यक्रम होतो आणि दुपार कलली की कुस्त्यांचे मैदान भरते.

कुस्तीची दुपार ही या जत्रांमधली सगळ्यांत पाहण्यासारखी गोष्ट. आखाड्याची तांबडी माती आधीच चाळून, तिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मऊ केलेली असते. लोक गोल करून बसतात, पुढे पोरे, मागे म्हातारे, त्यांच्यामागे ट्रॉलीवर आणि झाडावर चढलेले. हलगी आणि घुमके वाजू लागले की पहिल्यांदा रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. आठ-दहा वर्षांची पोरे लंगोट लावून उतरतात, पंच हाताला हात लावून देतो आणि जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या किंवा नारळ पडतो. मग इनामाची रक्कम चढत जाते. शंभर, पाचशे, हजार अशी एकेक जोड लागते. दुसऱ्या गावचा तोडीचा मल्ल नसेल तर पैलवान हात वर करून मैदानात फेरी मारतो आणि जोड मागतो. एखादा हौशी गावकरी तिथल्या तिथे खिशातून नोट काढून इनामात भर घालतो, निवेदक त्याचे नाव माइकवरून दोनदा पुकारतो आणि त्या नोटेचा मोबदला तिथेच वसूल होतो. शेवटची मोठी कुस्ती दिवे लागणीला लागते. ती निकाली झाली तर विजेत्याला खांद्यावर घेतात, बरोबरीत सुटली तर पुढचा महिनाभर पारावर पंचांना नावे ठेवली जातात. अलीकडे काही मैदानांत मुलींच्या कुस्त्याही लागतात आणि त्यांना टाळ्या जास्त पडतात.

मलकापूरच्या शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीतून वर आले. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्या प्रवासाचा खर्च उभा राहिला तो जत्रेच्या रीतीने, म्हणजे गावाच्या वर्गणीने. शिवाय कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले. परतल्यावर खाशाबांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली आणि पुढे त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरवून कर्ज फेडले. मैदान भरवून पैसा उभा करायचा, ही युक्ती त्यांना दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नव्हती.

बैलगाडा शर्यतींचा इतिहास अलीकडे जास्त कोर्टात घडला. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या थांबवल्या, राज्याने २०१७ मध्ये कायद्यात बदल केला, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या सात-आठ वर्षांत कित्येकांनी शर्यतीची खोंडे विकून टाकली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी आणि चाबूक-काठीवर बंदी अशा अटींखाली मैदाने भरतात. सातारा-सांगलीकडे फाट्या पाडून एका वेळी अनेक छकडे सोडतात. गटातला पहिला सेमीला, सेमीतला फायनलला, असा दिवस जातो. हा खेळ पाहताना उन्हाची तमा बाळगायची नसते.

गावच्या जत्रेपलीकडे मोठ्या यात्रा आहेत. रामनवमीला चाफळचा राम. चैत्र शुद्ध अष्टमीला शिखर शिंगणापुरी शंकर-पार्वतीचे लग्न, आणि द्वादशीला सासवडच्या भुतोजी तेली यांच्या मानाच्या कावडीसह इतर कावडी मुंगी घाटाच्या उभ्या कड्याने दोरांवर आणि माणसांच्या साखळीवर चढवल्या जातात. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीचा जोतिबा. तिथल्या सासनकाठ्यांच्या मिरवणुकीत पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीचा आणि त्यामागोमाग पाटण तालुक्यातल्या विहे गावाचा. उंच वेळू तोलत, कमरेच्या पट्ट्यात बुंधा रोवून नाचणारी ती माणसे कराडवरूनच पुढे जातात, आणि त्या दोन दिवसांत पुणे-बेंगळुरू महामार्गावर मलकापूरपाशी गुलालाने माखलेल्या गाड्यांची रांग लागते.

परीक्षा संपल्या की सहलीचा काळ. जवळची आणि बिनखर्चाची जागा म्हणजे कराडचा प्रीतिसंगम. उत्तरेकडून येणारी कृष्णा आणि दक्षिणेच्या बाजूने येऊन भिडणारी कोयना इथे समोरासमोर मिळतात आणि एकत्र होऊन पूर्वेला वळतात. अशी गाठ नद्यांमध्ये क्वचित पाहायला मिळते. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आणि बाग आहे. मे महिन्यात संध्याकाळी सहानंतर तिथे चटईला जागा मिळवावी लागते. भेळ, बर्फाचा गोळा, फुगेवाला आणि घाटाच्या पायऱ्यांवर पाय सोडून बसलेल्या आज्या. कोयना धरणातून सिंचन आणि विजेसाठी सोडलेल्या पाण्यामुळे भर उन्हाळ्यातही नदीला धार असते, म्हणून पोहायला शिकवण्याची कामगिरी चुलत्यांकडे याच महिन्यात येते. पाणी अचानक वाढू शकते आणि वाळू उपशाने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत, त्यामुळे नवख्याने ओळखीचा घाट सोडून उतरू नये.

चढायची हौस असलेल्यांसाठी मलकापूरच्या डोक्यावरच आगाशिवचा डोंगर आहे. जखिणवाडीच्या बाजूने साठाहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. उन्हाळ्यात तिथे पहाटे निघून नऊच्या आत खाली यावे, काळा कातळ त्यानंतर बसू देत नाही. दिवसभराची सहल करायची असेल तर समर्थस्थापित अकरा मारुतींची फेरी या भागाइतकी कुठूनही सोयीची नाही. शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन असे सात सातारा जिल्ह्यात, बहे आणि शिराळा सांगलीत, मनपाडळे आणि पारगाव कोल्हापुरात. बह्याचा मारुती कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर आहे आणि मुलांना तोच लक्षात राहतो. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावाजवळचे सागरेश्वर अभयारण्यही एका दिवसात होते. उघड्या डोंगरावर माणसांनी लावून वाढवलेले हे जंगल आहे आणि त्यातली हरणे सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच दिसतात.

घरातल्या लहानग्याने ‘समुद्र’ म्हटले की मात्र बेत मोठा होतो. कराडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि गुहागर हा रस्ता दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. पहाटे निघालेले कुटुंब दुपारच्या जेवणाला खाडीचे मासे खाऊ शकते. कोयनानगरच्या नेहरू उद्यानात चहा-पोहे होतात, घाटात हमखास कोणाला तरी गाडी लागते आणि घाट उतरताच अंगाला चिकट घाम येऊ लागतो. गुहागरला लांबलचक सरळ किनारा आणि व्याडेश्वर, पुढे वेळणेश्वर, हेदवीचा दशभुज गणेश आणि तिथली बामणघळ. बामणघळीत भरतीची लाट खडकाच्या चिरेत शिरून उंच उसळते, पण ओहोटीला गेले तर नुसती भेग बघून परतावे लागते.

तेव्हा निघण्यापूर्वी पंचांग इथेही उघडावे. मुंबई-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कोळी आणि खारवी मंडळी भरतीची वेळ तिथीवरून तोंडी काढतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा ढोबळ तास मिळतो. चतुर्थीला सुमारे तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या दरम्यान. साधारण साडेबारा तासांनी दुसरी भरती आणि दोन्हींच्या मधोमध ओहोटी. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा उगवतो. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढत असल्याने उधाण असते. त्या दिवशी दुपारी पाणी खूप वर येते आणि संध्याकाळी खूप मागे जाते, म्हणून सूर्यास्ताला ओल्या वाळूचे मैदानच्या मैदान खेळायला मिळते. अष्टमीला चढउतार कमी, पण संध्याकाळी पाणी माडांच्या बाजूला आलेले असते. पोहण्याच्या दृष्टीने वाईट वेळ म्हणजे भरती उतरू लागल्यावरची. नदीत तयार झालेला देशावरचा पोहणारा इथेच फसतो. नदी त्याला काठाकाठाने वाहवत नेते, समुद्र सरळ आत ओढतो.

मार्च-एप्रिलमध्येच निघता आले तर मंडणगड तालुक्यातले वेळास गाठावे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे २००२ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि त्यातून गावाचा कासव महोत्सव उभा राहिला. अंडी कुंपणात पुरलेली असतात. सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलून बघतात आणि बाहेर आलेली पिल्ले पाण्यापासून काही अंतरावर सोडतात. पाहुणे दोरीच्या अलीकडे उभे राहतात, फ्लॅश मारायचा नाही. मुक्काम गावातल्याच घरांत, जेवण त्याच घरचे. पिल्ले कोणत्या दिवशी निघतील हे सांगता येत नाही, त्यामुळे दोन मुक्काम धरून जावे.

मे संपत आला की हे सगळे आटोपते घ्यावे लागते. वारा फिरतो, किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे तंबू उतरतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी लागते आणि गुहागरच्या खानावळीत सुरमई-पापलेटऐवजी खाडीचे मासे आणि सुकट येते. मुंबईकर त्याआधीच परतलेले असतात. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, आणि कुंभार्लीत धुके उतरले की मलकापूरच्या गाड्या घाट न उतरता कोयनानगरपर्यंतच जातात.